व्रत आणि मत

जानेवारी उजाडला की वाचणाऱ्यांच्या गोटात आकडे फुटायला लागतात. कुणी चोवीस म्हणतं, कुणी बावन्न, आणि एखादे निवृत्त बँकवाले शंभराच्या खाली यायलाच तयार नसतात. आमच्या वाचनकट्ट्यावर आकड्याच्या जोडीला रकानेही असतात. एक अनुवादित कादंबरी, एक आत्मचरित्र, एक कवितासंग्रह, आपल्या जन्माआधी छापलेलं एक पुस्तक, आणि ज्यातलं आपल्याला ओ की ठो कळत नाही अशा विषयावरचं एक. (या शेवटच्या रकान्यात दरवर्षी बहुतेक जण अर्थशास्त्र घालतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच घालतात.) महिन्याच्या शेवटच्या रविवारी जमायचं, काय वाचलं ते सांगायचं, कसं वाटलं तेही सांगायचं, चहा प्यायचा आणि उठायचं.

या प्रकाराला नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. वाचन म्हणजे काय शर्यत आहे का, असा त्यांचा सवाल असतो, आणि तो विचारताना चेहरा असा असतो की पुस्तकाला आकडा लावण्याचं खूळ कालपरवाच मोबाइलमधून घरात शिरलं. गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळानं २०११ पासून वार्षिक लक्ष्याची सोय केली आणि ‘तुम्ही ठरवलेल्या गतीच्या इतकी पुस्तकं मागे आहात’ असं सांगायला सुरुवात केली, हे खरं. पण वाचनाचा संकल्प सोडायचा, तो दिवसांत वाटून घ्यायचा, आणि पुरा झाला की चार लोकांना जेवायला घालायचं, हे मराठी घराला कुणी नव्यानं शिकवायला नको. आपल्याकडे त्याला पारायण म्हणतात.

गुरुचरित्राचा सप्ताह घ्या. दत्तजयंतीला समाप्ती येईल अशा बेतानं मार्गशीर्षात तो बसवतात. पोथीचे अध्याय बावन्न. अवतरणिका धरली तर त्रेपन्न. रूढ वाटणी अशी: पहिल्या दिवशी नवव्यापर्यंत, दुसऱ्या दिवशी एकविसाव्यापर्यंत, मग एकोणतीस, मग पस्तीस, पाचव्या दिवशी अडतीस, सहाव्या दिवशी त्रेचाळीस आणि सातव्या दिवशी शेवटपर्यंत. म्हणजे दुसऱ्या दिवशी बारा अध्याय आणि पाचव्या दिवशी जेमतेम तीन. ज्यानं कधी हा सप्ताह केलाय किंवा शेजारच्या खोलीत बसून ऐकलाय, त्याला या तिनाचं मर्म ठाऊक असतं. छत्तिसावा आणि सदतिसावा हे आचारधर्माचे अध्याय आहेत. सकाळी उठल्यापासून काय करावं आणि काय करू नये याची ती यादी संपता संपत नाही. घसा कोरडा पडतो, मांडी बधिर होते, स्वयंपाकघरातून नैवेद्याची चाहूल लागते आणि अध्याय अजून अर्ध्यावर असतो. ज्यानं कुणी ही वाटणी केली त्यानं अध्यायांची संख्या मोजली नाही, वाचणाऱ्यावर पडणारा भार मोजला. आजच्या चॅलेंजवाल्यांना हे अजून जमलेलं नाही. त्यांच्या हिशेबात सातशे पानांची कादंबरी आणि साठ पानांची दीर्घकथा यांना गुण सारखेच.

दासबोधाची गोष्ट वेगळी. वीस दशक, प्रत्येकात दहा समास, एकूण दोनशे. ग्रंथच इतका शिस्तीत बांधलेला की वाटणी करणाऱ्याला डोकं चालवावं लागत नाही. रोज एक समास धरला तर साडेसहा महिन्यांत पार. ज्ञानेश्वरी मात्र असा हिशेब चालू देत नाही. नऊ हजारांवर ओव्या आणि अठरा अध्याय, पण बारावा पंधराव्याएवढा नाही आणि अठराव्याएवढा तर कुणीच नाही.

पळवाटाही परंपरेनंच काढून ठेवल्या आहेत. सप्ताह जमत नाही? गुरुचरित्राचा चौदावा किंवा अठरावा अध्याय रोज वाचा. शिवलीलामृत पुरं होत नाही? अकरावा अध्याय वाचा. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या कट्ट्यावरचे सभासद ग्रंथालयाच्या कपाटापुढे उभे राहून पुस्तकाचा कणा बोटांनी मोजतात आणि बारीकात बारीक पुस्तक निवडतात, ते याच घराण्यातले. त्यांना हसण्यात अर्थ नाही. संकल्प सोडणाऱ्याला पुरा करण्याची वाट दाखवली नाही, तर पुढच्या वर्षी तो संकल्पच सोडणार नाही.

मग नव्या आणि जुन्या प्रकारात फरक कुठे आहे? मला तो एकाच ठिकाणी दिसतो. पारायणानंतर कुणी मत देत नाही.

समाप्तीच्या पंगतीत पुरणपोळीवर तूप घेता घेता ‘मधले अध्याय जरा रेंगाळतात, पण शेवट जमलाय’ असं म्हणणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. यामागे नुसती भीती आहे असं मला वाटत नाही. त्या वाचनात परीक्षा ग्रंथाची नसतेच, वाचणाऱ्याची असते. जमिनीवर झोपणं, एकवेळ जेवणं, अध्याय अर्धा टाकून न उठणं, सात दिवस जिभेला आवर घालणं, हे सगळे नियम माणसासाठी आहेत. पोथीला पास किंवा नापास करण्याचा प्रश्नच तिथे येत नाही. शिवाय पुढच्या वर्षी पोथी तीच असते. पारायणं करणारा ‘आजवर एकवीस झाली’ म्हणतो तेव्हा एकवीस पुस्तकं झाली असा त्याचा अर्थ नसतो. आकडा आवर्तनांचा असतो. आपल्या कट्ट्यावर एकच कादंबरी तिसऱ्यांदा वाचणाऱ्या बाईंना ती यादीत धरावी की नाही यावर दरवर्षी वाद होतो. पारायणाच्या जगात तो वाद उभा राहूच शकत नाही.

वाचलेल्यावर मत देण्याचं घराणं निराळं आहे, आणि तेही जुनं आहे. नवव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलमध्ये फोटिओस नावाचा एक पंडित होता. पुढे तो तिथला धर्मप्रमुख झाला. पण वाचणाऱ्यांच्या लेखी त्याचं मोठेपण वेगळंच आहे. फोटिओस वकिलातीच्या कामगिरीवर दूरदेशी निघाला तेव्हा त्याच्या भावानं, तारासिओसनं, त्याच्याकडे मागणी केली: मी नसताना तुम्ही मंडळींनी जी पुस्तकं वाचलीत त्यांची हकिकत मला लिहून दे. फोटिओसनं दिली. २८० नोंदी आहेत. काही दोन ओळींत आटोपलेल्या, काही पानंच्या पानं चाललेल्या. कुठे लेखकाची भाषा स्वच्छ आहे एवढंच म्हणून तो पुढे जातो. कुठे पुस्तकाचा सगळा सारांशच देतो. समतोल वगैरे पाळण्याचं बंधन त्याला वाटलेलं दिसत नाही. भावाला काय हवं असेल याचा अंदाज, आणि आपल्याला कशात रस वाटला, एवढ्या दोनच गोष्टींवर नोंदीची लांबी ठरते.

त्या नोंदींतली एक आपल्याला जवळची आहे. क्तेसिअस नावाचा ग्रीक वैद्य इसवी सनापूर्वी ४०० च्या आसपास इराणी सम्राटाच्या दरबारी होता. हिंदुस्थानात पाऊलही न टाकता त्यानं हिंदुस्थानावर पुस्तक लिहिलं. कुत्र्याच्या तोंडाची माणसं, एकाच पायाची माणसं, माणसाच्या तोंडाचा नरभक्षक पशू, असा सगळा माल त्यात. मूळ ग्रंथ हरवला. त्यात काय होतं हे आज आपल्याला कळतं ते मुख्यतः फोटिओसच्या सारांशामुळे. आणि त्या सारांशाच्या शेवटी तो एक गमतीची गोष्ट नोंदवतो: हे सगळं खरं आहे असं लेखकाचं म्हणणं आहे, काही मी स्वतः पाहिलं आणि काही पाहणाऱ्यांकडून ऐकलं असं तो सांगतो, आणि याहून अचाट गोष्टी लोक विश्वास ठेवणार नाहीत म्हणून आपण गाळल्या असंही म्हणतो. फोटिओस लेखकाचाच दावा समोर ठेवतो, आरडाओरडा करत नाही. अकराशेहून अधिक वर्षांनंतर वाचतानाही आपण ओठ दाबून हसतो. एका भावानं दुसऱ्याला लिहिलेल्या हकिकतीत एक बुडालेलं पुस्तक असं तरून राहिलं.

सोळाव्या शतकातल्या फ्रेंच निबंधकार माँतेन्यला असा कुणी भाऊ नव्हता. त्याची अडचण वेगळी होती: त्याची स्मरणशक्ती यथातथाच, असं तो स्वतःच सांगत असे. एकदा वाचलेलं पुस्तक काही वर्षांनी नवंकोरं म्हणून पुन्हा हातात घ्यायचं आणि पाहायचं तर समासात आपल्याच हाताच्या खुणा, असं त्याच्या बाबतीत घडे. म्हणून त्यानं रिवाज पाडला. पुस्तक संपलं की शेवटच्या कोऱ्या पानावर तारीख घालायची आणि लेखकाबद्दल आपलं काय मत झालं ते थोडक्यात लिहून ठेवायचं. सीझरच्या ग्रंथाची त्याची प्रत आजही फ्रान्समध्ये शाँतिई इथल्या संग्रहात आहे. १५७८ च्या फेब्रुवारीत त्यानं वाचायला घेतली आणि जुलैत संपवली. पाच महिने एका पुस्तकाला! आमच्या कट्ट्याच्या तक्त्यावर त्याचं नाव तळाशी लागलं असतं. अशा शेवटच्या पानावरच्या तीन नोंदी त्यानं ग्रंथांवरच्या आपल्या निबंधात उतरवून दिल्या आहेत. त्यांतली इतिहासकार ग्विच्चार्दीनीवरची मला फार आवडते. या लेखकानं इतक्या माणसांच्या इतक्या कृत्यांचा निवाडा केला, पण त्यांतलं एकही कृत्य सद्बुद्धीनं झालं असं त्याला वाटत नाही, हे माँतेन्यच्या नजरेनं टिपलं. आणि पुढे त्याला शंका आली की लेखकानं दुसऱ्यांना स्वतःवरून पारखलं असावं. ग्रंथाच्या आडून माणूस ओळखण्याचं हे काम घाईनं वाचून होईल असं वाटत नाही.

पण त्याच निबंधात तो असंही कबूल करतो की एखाद्या पुस्तकाचा कंटाळा आला तर आपण ते ठेवतो आणि दुसरं उचलतो. हा धागा पुढे डॉ. जॉन्सनपर्यंत जातो. हा इंग्रजी पंडित आपल्याकडे परका नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत त्याच्यावर निबंध लिहिला, आणि त्याच्या ‘रासेलस’चं वडिलांनी सुरू केलेलं भाषांतर पुरं केलं. तर या जॉन्सनला कुणीतरी एका पुस्तकाबद्दल विचारलं की तुम्ही ते अथपासून इतिपर्यंत वाचलंत का, तेव्हा त्यानं उलट विचारणाऱ्यालाच झापलं की तुम्ही पुस्तकं अशी सगळी वाचता की काय. त्याचा चरित्रकार बॉस्वेल यानं ही हकिकत नोंदवून ठेवली आहे. जॉन्सनइतकी ठाम मतं देणारा माणूस दुसरा दाखवणं कठीण, आणि तो पुस्तकं अर्धी सोडत असे.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही दोन घराणी इतकी वर्षं वेगवेगळी नांदली. एकीकडे व्रत होतं, तिथे मताला मज्जाव. दुसरीकडे मत होतं, तिथे पुरं करण्याची सक्ती नाही. आजच्या वाचकानं दोन्हींचा संसार एका छपराखाली थाटला आहे. बावन्न पुस्तकं पुरीही करायची आणि बावन्नांवर मतही द्यायचं. भांडण तिथे आहे.

ते कसं होतं हे गेल्या डिसेंबरच्या बैठकीत जवळून पाहायला मिळालं. एका काकांनी एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी आणली होती. ऑक्टोबरात हाती घेतली, दिवाळीत तुंबली, आणि सोडून द्यावी तर गेलेले तीनशे पन्नास पानांचे श्रम वाया जाणार, म्हणून नेटानं पुढे रेटली. त्यांनी मत द्यायला सुरुवात केली आणि लक्षात आलं की काका कादंबरीवर बोलतच नाहीयेत, आपल्या छळाची कैफियत मांडतायत. लेखकाला संपादक भेटला नाही, लढायांची वर्णनं एकसारखी, प्रत्येक प्रकरणात कुणीतरी क्षितिजाकडे बघतं. सगळं कदाचित खरंही असेल. पण शंभराव्या पानावर त्यांनी ती शांतपणे ठेवून दिली असती तर याच गोष्टी त्यांनी हसत सांगितल्या असत्या. त्यांच्या शेजारच्या ताईंचं उलट झालं. त्यांनी शेवटच्या आठवड्यात पाच बारीक पुस्तकं उरकली होती, आणि पाचही ‘फारच सुंदर’ होती. ज्या पुस्तकानं आपल्याला लक्ष्यापर्यंत पोचवलं त्याच्याबद्दल वाईट बोलायला जीभ धजत नाही. असं मत म्हणजे पोच पावती होते.

वर्तमानपत्री पुस्तक परिचयानं ही पावती कधीच छापील करून टाकली आहे. पुस्तक वाचनीय आणि संग्राह्य, मुखपृष्ठ आशयाला साजेसं, छपाई सुबक, मुद्रणदोष टाळता आले असते तर बरं झालं असतं. पुस्तक न उघडताही हे लिहिता येतं. मुद्रणदोषासाठी एखादं पान चाळावं लागेल, एवढंच. ताऱ्यांची पद्धत त्या मानानं प्रामाणिक म्हणायची, कारण तिथे निदान शब्द वाया जात नाहीत.

मत द्यायला वेळ लागतो, हे काही नवं नाही. व्हर्जिनिया वुल्फनं वाचनावरच्या आपल्या निबंधात वाचनाचे दोन भाग मानले आहेत: आधी पुस्तक घेणं, आणि मग थांबून, मध्ये दुसरं काही करून, त्याचा निवाडा करणं. मधली रिकामी जागा तिच्या लेखी महत्त्वाची आहे. आठवड्याला एक पुस्तक या गतीत ही जागाच उरत नाही, कारण पहिल्याचा निवाडा व्हायच्या आत दुसरं छातीवर येऊन बसतं. पण नियमित नोंदी ठेवल्या की त्या उथळच होतात, असंही नाही. सतीश काळसेकरांचं ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’ आहे ना. लघुनियतकालिकांच्या चळवळीतला हा कवी आपल्या वाचनाबद्दल लिहीत राहिला, आणि त्या पुस्तकाला २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वाचकाच्या नोंदींना असा मान मिळणं आपल्याकडे विरळा. त्या लेखनात पुस्तकाइतकीच ते कुठून मिळालं, कुणी सुचवलं, कुठल्या छोट्या प्रकाशकानं कसं काढलं याची हकिकत येते. मत असतं, पण ते या सगळ्या गोतावळ्यात बसलेलं असतं. काळसेकर पुस्तकांची संख्या सांगायला बसलेले नाहीत, हे तर उघडच आहे.

उशिरा दिलेलं मत चांगलंच असेल याचीही हमी नाही. चिपळूणकरांनी निबंधमालेत जोतीराव फुल्यांच्या लेखनाची यथेच्छ टिंगल केली, त्यांच्या व्याकरणावर ताशेरे ओढले. हातात वेळ होता, विद्वत्ता होती, कमावलेली भाषा होती. आज ‘गुलामगिरी’च्या आवृत्त्या निघत राहतात, आणि चिपळूणकरांचा तो लेख वाचला जातो तो बहुधा चिपळूणकरांना काय दिसलं नाही हे दाखवण्यासाठी. म्हणजे माँतेन्यनं ग्विच्चार्दीनीला लावलेली परीक्षा मत देणाऱ्यालाही चुकत नाही. छापलं की ते मागे घेता येत नाही, हा त्यातला धोका. कट्ट्यावर चहाबरोबर दिलेलं मत निदान हवेत विरून जातं.

मग व्रत टाकून द्यावं का? माझं मत नाही म्हणतं. कवितासंग्रहाचा रकाना नसता तर आमच्यातल्या निम्म्या लोकांनी शाळा सुटल्यावर कविता वाचलीच नसती. शिवाय व्रत आणि मत एकत्र नांदू शकतात याचं एक जिवंत उदाहरण आपल्या गावोगावच्या ग्रंथालयांत दरवर्षी दिसतं, ते दिवाळी अंक योजनेचं. १९०९ साली ‘मनोरंजन’नं दिवाळी अंक काढला तेव्हापासून हे पीक वाढतच गेलं. ग्रंथालयं थोडी जादा वर्गणी घेऊन ते सभासदांना फिरवतात. दोन-तीन महिन्यांत जमतील तेवढे अंक वाचायचे, एक आणून दिला की दुसरा न्यायचा. शर्यत म्हणाल तर ही उघड शर्यत आहे. लोक वहीत टिक करतात, अमुक अंक अजून कुणाकडे अडकलाय म्हणून ग्रंथपालांना छळतात, आणि पहाटे उठून अंक संपवतात. आणि मतंही भरपूर. ती अंकाच्या अनुक्रमणिकेवरच पेन्सिलीनं लिहिलेली असतात: एका कथेपुढे बरोबरची खूण, दुसरीपुढे ‘वाचू नये’, तिसरीपुढे ‘गेल्या वर्षीचीच’, आणि त्याखाली वेगळ्या हस्ताक्षरात ‘तरी चांगली आहे’. ग्रंथालयाच्या नियमाविरुद्ध आहे हे, पण पुढच्या सभासदाला त्याचा जेवढा उपयोग होतो तेवढा छापील परीक्षणाचा क्वचित होतो.

इथे भांडण का होत नाही? कारण मोजायचे ते अंक, आणि अंक पूर्ण वाचण्याची अपेक्षा मुळात कुणीच करत नाही. जाहिराती उलटायच्या, राशिभविष्य आधी पाहायचं, कविता सहसा वगळायच्या, एखाद्या लेखकाचं नाव पाहून पान उलटायचं. जॉन्सनला आवडेल अशी ही वाचनपद्धत आहे, आणि तरी पस्तीस अंक झाले म्हणून सांगताना मान ताठ असते. सोडून देण्याची मुभा व्रताच्या आतच आहे. आणि पेन्सिलीचं मत कुणासाठी आहे हेही ठरलेलं असतं: उद्या हाच अंक नेणाऱ्यासाठी. फोटिओसला जसा भाऊ होता.

हे सगळं मी यंदा कट्ट्यावर थोडक्यात मांडलं आणि एक रकाना वाढवण्याची सूचना केली: अर्धवट सोडलेलं पुस्तक. नाव, कुठल्या पानावर सोडलं, आणि का. मार्चपर्यंतच त्या रकान्यात इतकं जमलं की तक्त्याला कागद जोडावा लागला, आणि बैठकीत सगळ्यात जास्त बोलणं त्याच रकान्यावर होऊ लागलं. ‘पान ११२, नायक अजून एसटीतच’ या नोंदीवरून तर अर्धा तास चर्चा झाली, आणि दोघी जणी ते पुस्तक नायक उतरतो का ते बघायला घेऊन गेल्या. आता बँकवाल्यांनी नवा मुद्दा काढलाय. सोडलेल्या पुस्तकांची पानं एकत्र करून दर दोनशे पानांना एक पुस्तक धरावं, असा त्यांचा प्रस्ताव आहे. काका त्याच्या सख्त विरोधात आहेत. ते म्हणतात, मग मी त्या सातशे पानांचं काय करू? पुढच्या रविवारी मतदान आहे.